इंजिन खोलण्याआधीचा खर्चाचा अंदाज

जुन्या मोटारीच्या इंजिनाचे काम निघाले की पहिला प्रश्न खर्चाचा येतो, आणि इंजिन न खोलताच त्याचा ठाम आकडा सांगणाऱ्या कारागिराविषयी मला शंका वाटते. बाहेरून कॉम्प्रेशन (पिस्टन सिलिंडरमध्ये निर्माण करतो तो दाब) तपासता येते आणि सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती पिस्टनच्या रिंगांतून निसटते की व्हॉल्व्हमधून, हेही पाहता येते. या चाचण्यांचा निकाल बरा असेल, तर केवळ निळा धूर दिसतो म्हणून इंजिन उतरवू नये. व्हॉल्व्हच्या दांडीवरचे झिजलेले सीलसुद्धा तसाच धूर काढतात. मात्र क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) किती झिजला आहे आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याला, तडा गेला आहे का, याची खात्री इंजिन पूर्ण सुटे करून मोजल्या-तपासल्यावरच होते.

पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट यांच्या किमतींची बेरीज म्हणजे खर्च, असे मानणाऱ्यांचा हिशेब येथेच फसतो, कारण बराचसा पैसा मशीनवरच्या कामात आणि मजुरीत जातो. सिलिंडर अंडाकृती झिजले असतील तर ते बोअर करून, म्हणजे आतून कोरून मोठे करून, ओव्हरसाइज (थोडे मोठे) पिस्टन घालावे लागतात. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने ग्राइंड करून त्याच मापाची बेअरिंग बसवावी लागतात. ही मापे आधीच्या कोणा मालकाने वापरून संपवली असतील, तर सिलिंडरला लाइनर (आतली नवी नळी) घालणे आणि दुसरा क्रँक शोधणे एवढेच उरते, आणि अंदाजपत्रक कोलमडते ते बहुधा याच ठिकाणी. फोर्ड मॉडेल टीसारख्या इंजिनांत तर मेन बेअरिंगसाठी बॅबिट हा मऊ मिश्रधातू वितळवून ब्लॉकमध्येच ओततात आणि नंतर मापाला कोरतात. ते काम जाणणारे हात आता थोडे असल्यामुळे त्यांची मजुरी त्यांनीच ठरवायची.

गाडी कोणती, यानेही फार फरक पडतो. फोक्सवॅगन बीटल २ कोटींहून अधिक बनल्या आणि २००३ पर्यंत बनत राहिल्या. शिवाय तिच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे सिलिंडर सुटे असल्याने पिस्टनसह नवा संच बसवता येतो. १९४८ मध्ये आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनात सहा सिलिंडर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे वरचे दांडे) आणि अॅल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) असल्याने त्याच कामाला तास कितीतरी जास्त लागतात.

हेड उघडलेच आहे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटकडेही (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कडेकडे) पाहावे. पूर्वी पेट्रोलमधले शिसे या सीटचे रक्षण करीत असे. ते गेल्यापासून मऊ बिडाच्या सीट, विशेषतः सततच्या वेगवान प्रवासात, लवकर झिजतात, म्हणून तेथे कठीण धातूच्या सीट बसवण्याचा खर्च मी कधीच अनावश्यक मानत नाही. क्लच बदलण्याचेही तसेच, कारण इंजिन उतरवण्याची मजुरी दिलेलीच असते. रेडिएटर मात्र आधी साफ करावा; तो तुंबलेला असेल तर नवे इंजिनही तापून बिघडते.

इतके करण्यापेक्षा वापरलेले दुसरे इंजिन बसवणे अनेकदा स्वस्त पडते, आणि रोज चालवायच्या साध्या गाडीसाठी तो मार्ग मला गैर वाटत नाही. पण संग्राहक मूळ क्रमांकाच्या इंजिनाला जास्त किंमत मोजतात, त्यामुळे उतरवलेला ब्लॉक भंगारात न देता तेल लावून जपून ठेवावा आणि इंजिन बदलल्याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत करून घ्यावी.