आत्याच्या ताटातलं मीठ आणि बडोद्याचे न्यायाधीश

बडोद्याला तीन दिवस होते. लक्ष्मीविलास पॅलेस, कमाटी बाग, सूरसागर, सगळं पाहून झालं. मांडवीत इतकी गर्दी की दोनदा आत्याचा हात सुटला. पण लिहायला बसले ती दांडिया बाजारातल्या आत्याच्या घरच्या एका जेवणासाठी.

आत्याकडे अजून पान वाढायची जुनी रीत आहे. आधी डावीकडे मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. मीठही पिशवीतलं नाही. चिनी मातीच्या बरणीतलं, खडे घरीच कुटलेलं, किंचित ओलसर, करड्या रंगाचं. मी म्हटलं, "आत्या, मीठ नको वाढूस, मी वरून घेत नाही." आत्या काही बोलायच्या आत आतोबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"असू दे ते पानात. या चिमटीसाठी आपल्या बडोद्याचा न्यायाधीश शहात्तराव्या वर्षी तुरुंगात गेला होता."

आतोबांचं वय एक्क्याऐंशी. मग आमटी गार होईपर्यंत ते अब्बास तय्यबजींबद्दल बोलत राहिले.

तय्यबजी विलायतेत शिकलेले बॅरिस्टर. बडोदा संस्थानाच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. घरात इंग्रजी रीतीरिवाज, उमेदीच्या काळात इंग्रजांच्या राज्यावर विश्वास. १९१९ साली जालियनवाला बागेनंतर काँग्रेसच्या चौकशी समितीत त्यांनी पंजाबात माणसांच्या जबान्या ऐकल्या आणि तो विश्वास संपला. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, तेव्हा धारासणाच्या मिठागराकडे जाणाऱ्या सत्याग्रहींचं नेतृत्व या म्हाताऱ्या न्यायाधीशांकडे आलं. १२ मे रोजी त्यांनाही पकडलं. पुढची धुरा सरोजिनी नायडूंनी घेतली आणि २१ मेला धारासणात लोकांनी हात न उचलता डोक्यावर लाठ्या झेलल्या. ज्यानं आयुष्यभर कायदा राबवला, त्यानं एक कायदा जाणूनबुजून मोडायला निघावं, याचा विचार करताना माझ्या अंगावर काटा आला.

आणि मिठावरचा कर केवढा? मणामागे सव्वा रुपया. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. आजच्या हिशेबानं क्षुल्लक वाटेल. पण १९२३ मध्ये तो एकदम दुप्पट केला होता, ओरड झाली म्हणून पुढच्या वर्षी उतरवला. मजूर असो की सावकार, मीठ सगळ्यांना लागतं. समुद्र दारात असताना किनाऱ्यावरचं मीठ उचललं तर गुन्हा. तिथं माणूस पैशांचा हिशेब सोडतो आणि विचारतो, हे ठरवणारे तुम्ही कोण?

आतोबांच्या मते हा प्रश्न त्याआधीच, बारडोलीत, लोकांच्या तोंडी आला होता. १९२८ साली तिथला शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. वल्लभभाईंच्या शब्दावर लोकांनी सारा थोपवून धरला. जप्तीवाले जनावरं नेतील म्हणून बायकांनी म्हशी महिनोनमहिने घरात कोंडून ठेवल्या. माणसं आणि म्हशी एका अंधारात. शेवटी सरकारला चौकशी नेमावी लागली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. मागणी साऱ्यापुरतीच होती, स्वराज्याची नव्हती. पण सरकारला वाकवता येतं, हे एकदा कळलेला शेतकरी पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. दोन वर्षांनी त्याच बारडोलीचे आणि खेडा जिल्ह्याचे शेतकरी सारा न भरता, बैलगाड्यांत संसार भरून, इंग्रजी हद्द ओलांडून बडोदा संस्थानातल्या गावांत आले. हिजरत म्हणतात तिला. या वेळी भांडण टक्क्यांचं नव्हतं.

"म्हणजे आपल्याकडे आले होते ते," आत्या एवढंच म्हणाली आणि आमटी पुन्हा गरम करायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्यायमंदिरासमोर जाऊन उभी राहिले. कोर्ट इथून केव्हाच हललंय. सभोवती रिक्षा, हातगाड्या, कपड्यांची दुकानं, हॉर्नचा गोंगाट, उभं राहायला सावलीसुद्धा मिळेना. मला याचा राग आला. राजवाडा पाहायला आपण तिकीट काढून रांग लावतो आणि एका म्हाताऱ्या न्यायाधीशाचं नाव मला चाळिशीत, जेवणाच्या पानावर, कळतं. शाळेत दांडीयात्रा पाठ केली होती. १२ मार्च ते ६ एप्रिल, सोबत ७८ जण. तय्यबजी त्या धड्यात नव्हते.

परतीच्या गाडीत सेव-उसळ खायची राहिली याचीही हळहळ वाटली, पण ती वेगळी.

आतोबांना दांडी एकदा बघायची आहे, अजून जमलेलं नाही. संक्रांतीनंतर आम्ही दोघं जाणार आहोत. नवसारीपर्यंत रेल्वे, तिथून रिक्षा. नवसारी तेव्हा बडोदा संस्थानातच होती, हे त्यांनी मला स्टेशनवर गाडी हलताना खिडकीशी चालत चालत सांगितलं. आत्या मागून ओरडत होती, "अहो, सोडा आता ती खिडकी!"