तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांच्या घियाची किंमत

लग्नात, श्राद्धाच्या पंगतीत, डिचोलीच्या बाजारात, बँकेच्या रांगेत मला एकच प्रश्न येतो. "बाबांची ती घिया गाडी कितीला जाईल गो? आणि ठेवायला किती पडते?" आजवर "बघू" म्हणत आले. आता एकदाच सगळं सांगते, मग कृपा करून पुन्हा विचारू नका.

ठेवायचं आधी सांगते. इंजिनाचा खर्च मी खर्च मानत नाही. 1958 ची फोक्सवॅगन कारमान घिया आतून त्याच कंपनीची बीटल गाडीच आहे. मागच्या बाजूला 1192 सीसीचं, हवेनं थंड होणारं इंजिन, त्यामुळे रेडिएटरची कटकट नाही. तेल अडीच लिटर लागतं. 5,000 किलोमीटरला ते बदलायचं, व्हॉल्व्हची फट बघायची. आमचा मेस्त्री जेवणाच्या सुट्टीआधी उरकतो. 6 व्होल्टचे दिवे शोधावे लागतात, पण मिळतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून रबरी नळ्या मात्र दरवर्षी बदलते. जुनं रबर त्यात टिकत नाही, आणि नळी गळली तर शेजारी तापलेलं इंजिन असतं.

पैसे खातो तो पत्रा. बीटलचं मडगार्ड बोल्ट काढले की हातात येतं, घियाचं येत नाही. तूरिनच्या घिया कंपनीनं आखलेली ती रेषा ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्यात तुकड्याला तुकडा वेल्ड करून, हातानं घासून सलग केलेली आहे. नाक आणि मडगार्डं मिळून एकच अंग. गंज धरला की कापा, जोडा, घासा. त्यात आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि खाणीची तांबडी माती सांध्यांत बसून ओल धरून ठेवते. 2019 साली दोन्ही दारांखालच्या पोकळ पट्ट्या बदलल्या, कारण गाडीचा भार त्यांच्यावर असतो. 2 लाख 10 हजार गेले, रंग सोडून.

नोंदणीचंही विचारता. 20 वर्षांवरच्या आयात गाडीचं नूतनीकरण ऑगस्ट 2025 पासून 80,000 रुपयांवर गेलं आहे. 2021 च्या नियमानं व्हिंटेज नोंदणी 20,000 त होते, 10 वर्षं चालते, पण मग गाडी फक्त रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीला बाहेर काढायची. बाबा त्याच गाडीतून मासळी आणायला जायचे. मला ती अट जमत नाही.

आता किंमत. 1959 पर्यंतच्या घियांचे पुढचे दिवे खाली असायचे, नंतर ते वर घेतले. खालच्या दिव्यांच्या गाड्यांना जगभर जास्त भाव आहे, आणि आमची त्यातली. गोव्याचं लोहखनिज बोटींनी जर्मनीला-जपानला जात होतं आणि पोर्तुगीज अमदानीत परदेशी गाड्या इथं सहज उतरत होत्या, तेव्हा आजोबांनी ती घेतली.

2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. खनिज वाहणारे आमचे दोन ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षी मीच पुण्याच्या एका गृहस्थांना फोन केला. फोटो बघून ते 14 लाख म्हणाले. बाबांना मी आदल्या रात्री सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "मूळ पत्रा आहे म्हणून सांग."

गृहस्थ सकाळी आले. खिशातून रुमालात गुंडाळलेला चुंबक काढला आणि दारावर लावला. चिकटला. छपरावर चिकटला. मागच्या मडगार्डावर चिकटला. बाबा सोप्यावर बसून बघत होते, चष्मा लावून. नाकाच्या उजव्या बाजूला चुंबक घसरला आणि अंगणात पडला. त्यांनी उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला. तळहाताएवढी जागा होती ती. "मॅडम, इथं पुट्टी आहे. गाडी कधीतरी ठोकलेली आहे. पाच देईन."

मी बाबांकडे वळून, त्या परक्या माणसासमोर, म्हटलं, "चाळीस वर्षं सगळ्यांना मूळ पत्रा म्हणून सांगत आलात. मला तरी खरं सांगायचं!"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि आत गेले. गाडीची चावी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असायची. दुसऱ्या दिवशी ती माझ्या उशाशी होती. त्यानंतर ते त्या गाडीत बसले नाहीत. 2015 साली गेले.

सौदा मी मोडला. एक ट्रक विकला. ट्रक विकला आणि शोभेची गाडी ठेवली, असं तुमच्यातले काही जण बोललात, ते मला कळलं आहे. शोभेसाठी ठेवली नव्हती. त्या दिवशी पाच लाख घेतले असते तर बाबा खोटं बोलले यावर माझी सही झाली असती.

पुढे वाचताना कळलं की कारमानच्या कारखान्यात वेल्डचे सांधे शिसं-कथिल ओतून भरत आणि मग घासत. जाड शिशावरही चुंबक धरत नाही. म्हणजे ती पुट्टी नसेलही, बाबा खरंही बोलले असतील. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण 2013 मधली मी अजून माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, सांधा कधी तळहाताएवढा रुंद असतो का? आणि खरं होतं तर बाबा बोलले का नाहीत? मी तिला म्हणते, तू ज्या आवाजात विचारलंस त्याला काय उत्तर देणार होते? ती गप्प बसत नाही, आणि माझ्याकडेही पुरावा नाही.

नाकावरचा रंग उतरवला की एका दिवसात कळेल. शिसं निघालं तर भाव वर जाईल, पुट्टी निघाली तर खाली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथं रंगाखाली आहे.

परवा डेंटर आला होता, मागच्या फ्लोअरला गंज धरलाय तो बघायला. जाताना त्यानं नाकावर बोट टेकवलं आणि विचारलं, "हे घासून बघू?"

मी म्हटलं, पावसाआधी फ्लोअर कर.