पावतीवर सही माझी

सकाळी वहिनींचा फोन आला. सगळ्यांची चौकशी करून झाली आणि मग म्हणाल्या, "मुलानं जहाजावर घड्याळ घेतलं म्हणे तुला! नशीब काढलंस हो." मी काही सांगायच्या आत त्यांचं बोलणं हापूसच्या पेटीवर गेलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. भाजी निवडताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. कुणाला सांगायला जावं तर म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. म्हणून इथे लिहिते.

घड्याळ मी घेतलं. मी शोधलं, मी पारखलं, सगळे "फोनवर दिसते की वेळ" म्हणत असताना मीच हट्टानं घेतलं.

मुलाच्या कुटुंबाबरोबर जहाजाच्या सहलीला गेले होते. घड्याळाचं मनात आलं ते थायलंडातल्या फुकेतला. जहाज तिथल्या पातोंग किनाऱ्यासमोर समुद्रातच नांगर टाकून उभं राहिलं आणि छोट्या बोटींनी आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. परतीची शेवटची बोट जहाजाच्या वेळेप्रमाणे, असं दहा वेळा बजावून सांगितलेलं. जहाजाची वेळ सिंगापूरची, आणि थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. वाळूत पाय ठेवला मात्र, फोन आपसूक तिथल्या वेळेवर गेले. काहींचे गेले, काहींचे नाहीत. सूनबाईंच्या फोनवर एक वाजलेला, चिरंजिवांच्या मनगटावर दोन, नातीच्या टॅबवर अजून आपली भारतातली सकाळ. नारळपाणी पीत सगळ्यांचा वाद चाललेला आणि मी सवयीनं डावा हात वर केला. मनगट उघडं. पूर्वी तिथे पट्ट्याखालची न रापलेली गोरी खूण असायची. निवृत्तीनंतर ती कधी भरून गेली, कळलंही नाही.

सिंगापूरची वेळ तशी सूर्याच्या पुढेच पळते, हे गाईडनं सांगितलं. मलेशियानं 1 जानेवारी 1982 पासून द्वीपकल्पातली घड्याळं अर्धा तास पुढे नेली आणि सिंगापूरही त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून तिथे सकाळी सातच्या सुमाराला उजाडतं. मला तर पाचलाच जाग येते. अंधारात डेकवर जाऊन बसायची. मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्रभर जहाजांची रांग चालूच असते, त्यांचे दिवे बघत. किती वाजले हे विचारायला आजूबाजूला कुणी नसायचं आणि फोन केबिनमध्ये चार्जिंगला. असो.

बंदरात असेपर्यंत जहाजावरच्या दुकानांची शटर खाली असतात. करमुक्त माल किनाऱ्याला लागून विकता येत नाही. जहाज खुल्या समुद्रात गेलं की दुकानं उघडतात आणि मग एकच झुंबड उडते. अत्तरं, चॉकलेटं, बॅगा. घड्याळांच्या काउंटरवरची मुलगी मडगावची निघाली. मला मावशी म्हणाली. एकेक काढून दाखवायला लागली, सगळी खड्यांची, मोत्यांच्या शिंपल्याच्या तबकडीची. सुंदर होती, नाही म्हणत नाही. पण एकालाही सेकंदकाटा नाही. काहींवर तर आकडेच नाहीत, नुसते ठिपके.

मी म्हटलं, "बाळा, मला सेकंदकाटा हवा आणि एक ते बारा सगळे आकडे."

तिनं खालच्या फळीवरून एक काढलं. सिटिझनचं. पांढरी तबकडी, काळे ठसठशीत आकडे, लाल बारीक सेकंदकाटा, साधा चामड्याचा पट्टा. उजेडावर चालतं, सेल बदलायला नको. मी नातीचं मनगट धरलं आणि नाडी मोजली. पूर्ण मिनिट. 88. मनगट सोडलं नाही, तसंच धरून ठेवलं आणि नजर तिच्या छातीवर नेली. श्वास असाच मोजायचा असतो. मोजतायत हे पेशंटला कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. 20. पोरीला पत्ताच नाही, ती चॉकलेटांकडे बघत होती. बोटं काही विसरली नव्हती. त्या क्षणी मला किती बरं वाटलं ते लिहिता येणार नाही.

सांगलीच्या सिव्हिलला मी नर्स होते. रात्रपाळीत आमच्याकडे सलाइनचे पंप कुठले? ड्रिपच्या चेंबरशेजारी मनगट धरायचं आणि थेंब मोजायचे. मिलीला 20 थेंबांचा सेट, 500 मिलीची बाटली आठ तासांत जायची असेल तर मिनिटाला 21 थेंब. चाक थोडं आवळायचं, पुन्हा मोजायचं. घड्याळ हा आमचा दागिना कधीच नव्हता. ते हत्यार होतं.

पहिलं बाबांनी दिलं, ट्रेनिंगला निघाले तेव्हा. सामानाच्या यादीतच होतं, सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ. एचएमटीचं जनता, पुरुषी, रोज सकाळी किल्ली द्यावी लागायची. त्यासाठी बाबांनी कारखान्यातून उचल घेतली होती, हे मला फार उशिरा कळलं. आत जपानी विद्या आहे, असं ते येईल त्याला सांगायचे, आणि ते खरंच होतं. एचएमटीनं 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं करायला घेतली ती ह्याच सिटिझनच्या मदतीनं. 2016 मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली, ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली नाही. जहाजावर त्या पांढऱ्या तबकडीवर सिटिझन वाचलं तेव्हा बाबाच आठवले.

दुसरं घड्याळ लग्नातलं, ह्यांच्याकडून. सोनेरी, नाजूक, ड्यूटीला न चालणारं. त्याबद्दल आज नको. निवृत्तीला स्टाफनं दिलं ते भिंतीवरचं. मधल्या सगळ्या वर्षांत पगार आला, फरक मिळाला, घराचे हप्ते फिटले, दोघांची शिक्षणं झाली, पण माझ्या पैशांनी माझ्यासाठी घड्याळ असं कधी घेतलं नाही. हातात होतं ते चालत होतं.

म्हणून ह्या वेळी घ्यायचं ठरवलं. किंमत 189 डॉलर. निघण्याआधी मी माझ्या पेन्शनमधून डॉलर घेऊन ठेवले होते, रुमालात गुंडाळून पर्समध्ये. काउंटरवर मोजून ठेवले. मुलगी ओशाळून म्हणाली, "मावशी, हांगा नोटा चलत नाहीत. कार्ड द्या."

कार्ड माझ्या गळ्यातच होतं. केबिनचं दार त्यानं उघडतं, जेवायला जाताना तेच, उतरताना-चढताना तेच. त्यावर नाव माझं. पण त्याच्या मागे जोडलेलं क्रेडिट कार्ड चिरंजिवांचं. जहाजावर चढताना त्यानं सगळ्या केबिन एकाच खात्याला लावल्या होत्या, सोयीचं म्हणून. मी विचारलं, एवढं एक तरी रोख नाही का घेता येणार? ती म्हणाली, आमच्याकडे गल्लाच नाही. तिची काय चूक? तिनं कार्ड टेकवलं, मशीन वाजलं, पावती पुढे आली, मी सही केली. तेवढ्यात मागून चिरंजीव आले. "झालं ना आई? माझ्या अकाउंटला लागलंय, तू काळजी करू नकोस." इतका खूश होता. मला उभं करून हात पुढे धरायला लावला, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, आईला गिफ्ट म्हणून. वहिनींना कळलं ते असं.

त्या रात्री ते डॉलर मी त्याच्या बॅगेत ठेवले. सकाळी माझ्या पर्समध्ये. घरी आल्यावर फोनवरून 16,000 पाठवले. पाच मिनिटांत परत, सोबत हात जोडलेलं चित्र. म्हणाला, "आई, तुझ्याकडून पैसे घेऊ का मी?"

का नाही घ्यायचे? ह्याचंच उत्तर मला सापडत नाहीये. तिकीट त्यानं काढलं, केबिन त्यानं घेतली, व्हिसाचे कागद सूनबाईंनी केले. मी कशालाही नाही म्हटलं नाही, आनंदानं गेले. हे एकच मागत होते. हाताला कमाई आहे, पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होते, कुणापुढे हात पसरावा लागत नाही, ह्याच्या जोरावर मी इथवर ताठ आले. आणि माझ्या रुमालातल्या नोटा तिथे कुणाच्या कामाच्या नव्हत्या. दुपारी ह्या विचारानं डोळे भरून आले. जिनं रात्रपाळ्या करून घर उभं केलं तिला स्वतःचं घड्याळ स्वतःच्या पैशांनी घेता येऊ नये?

संध्याकाळी शेजारच्या काकूंना चक्कर आली म्हणून बोलावणं आलं. नाडी बघितली, 76, नियमित. दुपारचं जेवण टाळलं होतं त्यांनी. लिंबू-सरबत दिलं, बसून राहिले, मधूनमधून पुन्हा मोजलं. तिथे बसल्या बसल्या एक आठवलं. पहिला विद्यावेतनाचा महिना झाला तेव्हा मीही घड्याळाचे पैसे म्हणून काही नोटा घेऊन बाबांकडे गेले होते. बाबांनी हात मागे घेतला. "ठेव तुझ्याकडे," एवढंच. मी रागावले होते. किती दिवस धुसफुसत होते, आईनं मध्ये पडून मिटवलं. पण त्या घड्याळाला मी आयुष्यभर माझंच म्हटलं. बाबांचं कधी म्हटलं नाही.

आणि हा? लहान असताना रात्रपाळीला निघाले की दाराशी येऊन माझं मनगट दोन्ही हातांनी धरायचा. घड्याळ बांधूच द्यायचा नाही. ते बांधलं की आई जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सासूबाई ओढून आत न्यायच्या. एकदा त्यानं ते तांदळाच्या डब्यात लपवलं होतं, आणि मी त्याला… जाऊ दे. त्यालाच आज मला घड्याळ द्यावंसं वाटतं. त्याला ते सगळं आठवतं की नाही, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

घरी येऊन जहाजाची पावती काढली. त्याच्या खात्याचा नंबर आहे, आणि खाली सही माझी, मराठीत, पगारपत्रकावर करायची तशीच, शेवटची रेघ ओढून. माझ्या मनाला तेवढ्यानं पुष्कळ हलकं वाटलं. पसंती माझी, सही माझी, पैसे त्याचे. असं दोघांचं असलं म्हणून काय बिघडलं?

पण पैसे मी सोडणार नाही. एक तारखेला पेन्शन जमा झाली की हजार पाठवीन, सगळे एकदम नाही. परत आले तर पुढच्या महिन्यात पुन्हा.