पिशवीत नसलेला कागद

आमच्या सोलापुरात घरोघरी एक पिशवी असते. बहुधा साडीच्या दुकानातून आलेली, जाड, चेनवाली. तिच्यात रेशन कार्ड, जन्माचे दाखले, जातीचं प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या, गावाकडचा सातबारा. आग लागली तर आधी पोरं बाहेर काढायची आणि मग ही पिशवी, हे कुणी सांगावं लागत नाही. या सगळ्या कागदांना ज्याच्यामुळे किंमत आहे, ते संविधान मात्र त्या पिशवीत कधी सापडत नाही.

मूळ हस्तलिखिताची काळजी दिल्लीत घेतली जाते. प्रेमबिहारी नारायण रायजादांनी वळणदार अक्षरांत लिहिलेली आणि नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनमधल्या मंडळींनी सजवलेली ती प्रत निष्क्रिय वायू भरलेल्या हवाबंद पेटीत आहे. ठीकच आहे, कागदाला जपायलाच हवं. पण पाहुण्यांसाठी म्हणून घडी न मोडता ठेवलेल्या चादरीची ऊब कुणालाच मिळत नाही. म्हणून मी नव्या पेठेतून एक स्वस्तातली मराठी प्रत आणली. आता तिच्या पानांवर शेंगाचटणीचं तेल आहे.

सोलापुरात बसून ती वाचण्याची मजा वेगळी. आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत, पण १९५० साली होत्या फक्त १४. त्या चौदांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चारही होत्या. म्हणजे आमची अख्खी गल्ली पहिल्या दिवसापासून आत! लहान मुलांना मातृभाषेतून शिकायची सोय व्हावी, हे सांगणारं कलम ३५०क १९५६ च्या दुरुस्तीने आलं.

कलम ३४ ला मात्र थांबायला होतं. त्यात ‘लष्करी कायदा’ हे शब्द आहेत. बाकीच्या गावांना ते पुस्तकी वाटत असतील. इथे मे १९३० मध्ये तो कायदा खरोखर लागू झाला होता आणि तिरंगा लावला म्हणून शिक्षा होत होती. स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्यांवरून रोज रिक्षाने जाताना हात जोडले जातात. पण अटक झालेल्याला कारण सांगावं, वकील मिळावा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं, हे कलम २२ त्यांच्या शेजारी ठेवून वाचलं की प्रत्येक ओळ कुणीतरी भोगून झाल्यावर लिहिल्यासारखी वाटते.

शेजारच्या मावशी विड्या वळतात. मराठी बोलताना मधूनच तेलुगूत शिरतात. पुस्तक पाहून त्यांनी थेट विचारलं, “म्हाताऱ्यांचं काय लिहिलंय ह्यात?”

कलम ४१ वाचून दाखवलं: वार्धक्यात, आजारपणात सरकारने साहाय्याची तरतूद करावी. मावशी खूश. मग प्रामाणिकपणा आडवा आला आणि कलम ३७ ही वाचलं, की यासाठी कोर्टात जाता येत नाही.

“मग लिहिलं कशाला?”

घाईघाईने त्याच कलमाचा पुढचा भाग वाचला: तरीही ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे.

मावशींनी सुपातलं पान उचललं, कात्रीने कापलं. “मला काय वाचून दाखवतो? मतं मागायला येतात की, त्यांना वाचून दाखव.”