एथिक्स कमिटी आणि तो एक रकाना - माझा अनुभव

नोकरीचे अर्ज हल्ली आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि उरलेले माणसापुढे जातात, तर त्या चाळणीत गळालेल्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या हा माझा संशोधनाचा विषय. गाईडना आवडला, प्रपोजल पास झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा ताप एथिक्स कमिटीत (माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणारी समिती) झाला, अजून आठवलं की डोकं फिरतं.

एक तर फॉर्म औषधांच्या चाचण्यांसाठी बनवलेला. रक्ताचा नमुना किती मिली घेणार, सहभागी व्यक्तीला रिअॅक्शन आली तर उपचाराचा खर्च कोण करणार. अहो मी फक्त बोलणार होते लोकांशी! (असे रकाने मोकळे सोडू नका, 'लागू नाही' लिहून पुढे एका ओळीत कारण द्या, नाहीतर फाईल अपूर्ण म्हणून परत येते.)

पण ते परवडलं. गाडी अडली ती 'अभ्यास संपल्यावर डेटाचं काय करणार' या रकान्यात. कमिटी म्हणे कन्सेंट फॉर्ममध्ये (सहभागी लोक संमतीची सही करतात तो कागद) 'सर्व डेटा नष्ट केला जाईल' हे वाक्य हवंच. आणि मला ज्या जर्नलला पेपर पाठवायचा होता त्यांचा नियम की डेटा इतर संशोधकांना बघायला मिळाला पाहिजे. आता नष्ट करू असं सांगून लोकांची सही घेतली तर नंतर तो कुणाला कसा देणार? हे लिहून पाठवलं, बरीच वाट बघितल्यावर एका ओळीचं उत्तर, नावं काढून टाका आणि ठेवा.

नावं काढून भागत असतं तर माझा अर्धा प्रश्नच मिटला असता. अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० सालीच मांडलं होतं की अमेरिकेतल्या साधारण ८७ टक्के लोकांना नुसता पोस्टाचा पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग यावरून वेगळं ओळखता येऊ शकतं. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने साडेसहा लाखांच्या आसपास लोकांचे सर्च नावाच्या जागी नंबर घालून जाहीर केले, तर पत्रकारांनी काही दिवसांतच त्यातल्या एका बाईंना नुसत्या सर्चवरून शोधून काढलं. आणि माझ्याकडे तर अख्खे बायोडेटा येणार होते, कॉलेज, पास झाल्याचं साल, मधली दोन वर्षं घरी का होतात त्याचं कारण, आधीच्या कंपन्या. वरचं नाव खोडलं तरी जुना बॉस वाचता वाचता ओळखेल की हा कोण.

याच काळात फेसबुकचा तो अभ्यास परत वाचत होते. २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ जणांच्या न्यूज फीडमध्ये आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, त्यांना वेगळं विचारलंही नाही, आणि ज्यांचे संशोधक त्यात होते त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कमिटीचं म्हणणं पडलं की प्रयोग फेसबुकने केला, आमच्या तपासणीत तो येत नाही. आणि मी मोजक्या लोकांना समोर बसवून, विचारून, सही घेऊन बोलणार तर माझी फाईल पडून! चिडचिड होणार नाही तर काय.

शेवटी ईमेल बंद केले आणि कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना प्रत्यक्ष भेटले. (हे आधी करा, फॉर्म भरायच्याही आधी.) बाई शांत होत्या, म्हणाल्या, "नष्ट करणार की ठेवणार असं एकदम विचारू नका, तुकडे करा." मग कन्सेंट फॉर्ममध्ये वेगवेगळ्या चौकटी केल्या: मुलाखतीला हो, माझं वाक्य पेपरात छापायला हो, ओळख पटेल असे तपशील बदलून ट्रान्सक्रिप्ट (मुलाखतीचा लिहून काढलेला मजकूर) इतर संशोधकांना द्यायला हो. शेवटच्याला नाही म्हटलं तरी मुलाखत देता येते. ट्रान्सक्रिप्ट तपासून झालं की ऑडिओ डिलीट, बायोडेटा कुणालाच नाही, नावांची यादी वेगळ्या कुलूपबंद फाईलमध्ये. जर्नललाही हे चाललं, सगळं उघडं का ठेवत नाही याचं कारण फक्त लिहून द्यावं लागलं. पुढच्याच बैठकीत मंजूर. खरं सांगायचं तर नवा कन्सेंट फॉर्म जुन्यापेक्षा कितीतरी चांगला झाला, पण तो त्या रकान्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, बाईंमुळे झाला.

हां, एक राहिलं. 'कधीही माघार घेऊ शकता' असं मोघम लिहू नका. विश्लेषणात सगळ्यांची उत्तरं एकत्र मिसळली की एकाचं बाहेर काढता येत नाही, त्यामुळे कुठल्या तारखेपर्यंत माघार घेता येईल ते स्पष्ट टाका. आणि मंजुरीनंतर एखादा नवा प्रश्न सुचला तरी आधी सुधारणेचा अर्ज, मग मुलाखत.