खोडरबर घरी ठेवा

दुसरीच्या वहीतलं एक पान मी अजून ठेवलंय. मधोमध भोक पडलेलं. 'ह'चं शेपूट मनासारखं येईना म्हणून माझ्या मुलानं ते इतक्यांदा खोडलं की कागदच फाटला. मग तो बाकाखाली जाऊन बसला, तो मधली सुट्टी संपली तरी बाहेर आला नाही.

हाच मुलगा घरी, इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या ओसरीवर, आजोबांची रेल्वेची शिकवणी घेतो. मीटरगेज म्हणजे दोन रुळांमध्ये १००० मिलिमीटर, ब्रॉडगेज १६७६. पातालपाणी स्टेशननंतर कालाकुंड, आणि तिथलं कलाकंद. (कलाकंद आजोबांना आधीपासून पाठ होतं.)

शाळेतून फोन यायचा, "बच्चा ब्रिलियंट है, पर पूरी क्लास डिस्टर्ब होती है." तिसऱ्या भेटीत 'दुसरीकडे बघा' असं सुचवलं गेलं. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं लिहिलंय, हे मला ठाऊक होतं. भांडता आलं असतं. पण जिथे पोर नकोसं झालंय तिथेच त्याला रोज सकाळी सोडून यायचं?

सासूबाईंचं म्हणणं, लाडावलाय. मी मानसतज्ज्ञांकडे नेलं. दोन बैठकांत बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी झाली. कामत हे नाव ऐकून आजोबा जरा निवळले, आपल्यातलंच काहीतरी वाटलं असावं. भाषा आणि तर्क वयापेक्षा तीन वर्षं पुढे, हात-डोळ्यांचा ताळमेळ मागे. शिवाय चुकण्याची भयंकर धास्ती. डोक्यात दिसणारं अक्षर हातून उतरत नाही आणि तो स्वतःवरच चिडतो, एवढं कळल्यावर मला त्या भोकाचा अर्थ लागला. मीही त्याला 'नीट काढ रे' म्हणत आले होते.

मग शाळा बघणं सुरू. पहिल्या ठिकाणी घोडेस्वारीपासून सगळं. समुपदेशकाची खोली बघू म्हटलं, तर दार उघडल्यावर आत स्नेहसंमेलनाचे मुकुट आणि थर्माकोलचा लाल किल्ला. दुसरीकडे मुलाची 'इंटरॅक्शन' घ्यायची होती, म्हणजे लेखी पेपरच. मुलांना असं चाळून प्रवेश देणं कायद्यानं मना आहे, पहिल्यांदा सापडलं तर २५,००० रुपयांपर्यंत दंड. मी एवढंच विचारलं, की रडला तर काय कराल? "हमारे यहाँ बच्चे रोते नहीं," असं उत्तर आलं. चहा तसाच सोडून उठले.

तिसरी शाळा साधी, पत्र्याची शेड, मैदान बेताचं. रिपोर्ट पुढे केला तर वर्गाच्या मॅडमनी तो आकड्यासाठी नाही, शेवटच्या पानासाठी उघडला. मग विचारलं, "रडण्याच्या आधी काय होतं त्याला?" इतक्या महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं: कान लाल होतात, पेन्सिल घट्ट धरतो. त्यांनी ते लिहून घेतलं.

दोन दिवस नुसतं बसू दिलं त्याला. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, खोडरबर घरी ठेवा, चुकलं की एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं फळ्यावर कालाकुंडचा घाट काढून दाखवला, रेघा मारत मारत.

टीसी, अंकसूची, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी क्रमांक), ही कागदपत्रांची पळापळ आठवड्यात उरकली. समग्रमध्ये त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, तेवढा एक हेलपाटा.

आता तिसरीत आहे. परवा वहीच्या एका पानावर नऊ रेघा मोजल्या, भोक नाही. बाकाखाली अजूनही कधीमधी जातो. मॅडमनी तिथे एक सतरंजी टाकून दिलीये.