गॅस बंद, मग मसाला

संध्याकाळी पावणेपाचला मला भूक लागते. जेवणाची नव्हे, तोंड चाळवायची. मुद्रितशोधनाचं काम घरी बसून करतो, त्यामुळे स्वयंपाकघर दहा पावलांवर. पूर्वी त्या दहा पावलांच्या टोकाला बिस्किटांचा डबा असायचा आणि पुस्तकाचं एक प्रकरण तपासून होईपर्यंत तो निम्मा व्हायचा. तो बंद करून मी मसाला दाणे करायला लागलो. दाणे भाजायचे, वर तिखटमीठ टाकायचं, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. पहिल्या चार खेपा फसल्या.

पहिल्या खेपेला चांगलं तापलेल्या तेलात आधी तिखट-हळद टाकली. दाणे हातात घेईपर्यंत तिखट काळं पडलं आणि घरभर असा ठसका उठला की लेक आतून ओरडली, "बाबा, काय जाळलंस?" दुसऱ्या खेपेला कोरड्या दाण्यांवर मीठ भुरभुरलं, ते सगळं कढईच्या तळाशी, दाणे अळणी. तिसऱ्यांदा शेवटी लिंबू पिळायची हौस आली. चव झकास, पण दहा मिनिटांत दाणे मऊ. चौथ्यांदा सगळं बरोबर जमलं आणि त्या आनंदात गरम दाणेच बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. सकाळी काचेला आतून पाणी सुटलेलं.

आता करतो ते असं. एक वाटी, म्हणजे साधारण 150 ग्रॅम कच्चे दाणे घेतो आणि ताटात पसरून निवडतो. सुरकुतलेले, रंग बदललेले, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ टाकून देतो. इथे काटकसर नको. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते भाजून पुरतं जात नाही. मग अर्धा चहाचा चमचा मीठ दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून ते पाणी दाण्यांवर शिंपडतो आणि हाताने चोळतो. दहा मिनिटं तसेच. भाजताना पाणी उडून जातं आणि मीठ सालावर पांढुरकं बसतं. पुन्हा मिठाला हात लावावा लागत नाही. सालं मी काढत नाही. काढायची तर कशाला, मसाला त्यांनाच तर धरतो.

जाड बुडाची कढई, मंद ते मध्यम आच, आणि बारा मिनिटं दुसरं काही करायचं नाही. या बारा मिनिटांत मी एकदा फोन घेतला होता. त्या दिवशीच्या दाण्यांबद्दल न बोललेलं बरं. पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाही, कारण आच सगळी पाणी उडवण्यात खर्ची पडते. दाणा कोरडा झाल्याशिवाय तो पाण्याच्या उकळबिंदूच्या फार पुढे तापत नाही, आणि खमंग वास तर साधारण 140 अंशांच्या पुढे सुटायला लागतो. म्हणून सुरुवातीलाच आच वाढवली की वरचं साल करपतं आणि आतला दाणा कच्चाच राहतो. मायक्रोवेव्हमध्ये मी याच्या बरोबर उलटं करून दाखवलं आहे, वरून गोरा आणि आतून कोळसा. तिथे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला काढून ढवळायचा कंटाळा नसेल तरच त्या वाटेला जावं.

झालं कधी हे डोळ्यांनी कळत नाही. आई म्हणते, "रंग काय बघतोस, आवाज ऐक." खरंच, आधी ओलसर खसखस येते, मग सालं तडतडतात, आणि ती तडतड विरळ झाली की दाणा झाला. एक दाणा फोडून बघायचा, आत फिकट बदामी हवा. चावला तर अजून थोडा मऊ लागेल. लागू दे. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. "अजून दोन मिनिटं" या मोहाने मी जितके दाणे जाळलेत तितके दुसऱ्या कशाने नाहीत.

आता गॅस बंद. साठपर्यंत आकडे मोजायचे. मग एक चहाचा चमचा तेल, फक्त एक, आणि दाणे हलवून घ्यायचे. तेल चिकटण्यापुरतं असतं, शिवाय हळद-तिखटाचा रंग तेलात उतरतो, पाण्यात तसा उतरत नाही. वर पाऊण चमचा तिखट, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, अर्धा चमचा आमचूर (लिंबाची हौस यावर भागते) आणि एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. कढईत उरलेली ऊब मसाल्याचा कच्चेपणा घालवायला पुरते आणि जाळायला पुरत नाही. लगेच सगळं ताटात पसरायचं, कारण जाड कढई गॅस बंद झाल्यावरही दाणे भाजतच राहते. पूर्ण गार, अगदी थंडगार झाल्यावरच बरणी.

पौष्टिक आहे का, तर आहे, पण बेतानं. दाण्यात वजनाचा चौथा हिस्सा प्रथिनं असतात आणि जवळपास निम्मी चरबी. 30 ग्रॅमची एक मूठ म्हणजे सातेक ग्रॅम प्रथिनं आणि 170च्या आसपास कॅलरी. "घरी केलंय" म्हणून वाटीभर हाणले तर जेवणाइतक्या कॅलरी पोटात जातात. मिठाचा हिशेब मात्र सुखाचा आहे: अर्धा चमचा म्हणजे साधारण तीन ग्रॅम, वाटीभर दाण्यांच्या पाच मुठी, म्हणजे मुठीला अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या रक्तदाबामुळे हा हिशेब आमच्याकडे रोज होतो. बाकी अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. आणि पाहुण्यांना दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे का ते ताट पुढे करण्याआधी विचारावं.

मी बरणीतून सरळ खात नाही. छोट्या वाटीत मूठभर काढतो, झाकण लावतो आणि बरणी वरच्या फळीवर ठेवून मगच टेबलाशी येतो. स्टूल आणायचा कंटाळा बऱ्यापैकी कामाला येतो.

जिरं आधी मी वस्त्रगाळ करायचो, कारण जाडसर पूड दाण्यांना न चिकटता तळाशी जमते. लेकीने एकदा तो तळाचा मसाला काकडीच्या चकत्यांवर पालथा केला. दुसऱ्या दिवशी आईनेही तेच केलं, आणि परवा त्या शेवटच्या चमचाभर मसाल्यावरून दोघींची जुंपली. तेव्हापासून जिरं मी मुद्दाम जाडसर कुटतो.